सोलापुरात राहून फ्रेंच शिकायची, आणि शिकवायचीही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 38, सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवता. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. फ्रेंच अगदी पहिल्यापासून शिकायची आहे आणि पुढे शिकवायचीही आहे. या वयात उच्चार बसतील का, इथं राहून पुरेशी पातळी येईल का, आपली मातृभाषा नसलेली भाषा आपण शिकवावी का, आणि दर शनिवारी पुण्याला जावं की ऑनलाइन शिकावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मीही मराठी घरातली. नोकरीला लागल्यावर फ्रेंच शिकले आणि आता बरीच वर्षं इथंच, संध्याकाळच्या बॅचेसना, बहुतेक मोठ्या माणसांना ती शिकवते. एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे फ्रेंच इंग्रजीतून समजावली जाते. शब्दाचा अर्थ इंग्रजीत, व्याकरण इंग्रजीत, उच्चारही इंग्रजी वाचनाच्या सवयीनं. यात मराठी माणसाचं फार नुकसान होतं. इंग्रजी बोलणाऱ्याला फ्रेंचमधल्या ज्या गोष्टी महिनोन् महिने छळतात, त्यातल्या कितीतरी आपल्या तोंडात आणि डोक्यात आधीपासून आहेत. तुम्ही फ्रेंचकडे मराठीतून या. तेलुगूतून या, आणि गल्लीत कानावर पडलेल्या दखनी उर्दूतूनही या.

उच्चारांचं बघा. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा 'प' किंवा 'क' थोडी फुंकर घालून म्हणतो, आणि त्याचा 'त' आपल्या 'ट'च्या जवळ जातो. फ्रेंचमध्ये फुंकर नाही आणि 'त' दातांवरचा, 'ताट'मधला. म्हणजे त, द, प, क हे चार वर्ण तुम्हाला शिकायचेच नाहीत. तरीही माझ्या वर्गात पहिल्या दिवशी निम्मे लोक 'ताब्ल'ला 'टाब्ल' म्हणतात, कारण समोर रोमन अक्षर दिसलं की शाळेतलं इंग्रजी जागं होतं. मी तेव्हा पुस्तक बंद करायला लावते आणि फक्त ऐकून म्हणायला सांगते. 'ट' आपोआप जातो.

दुसरी देणगी म्हणजे अक्षर गिळण्याची आपली सवय. आपण लिहितो 'करतो' आणि म्हणतो 'कर्तो'. फ्रेंच माणूस शनिवारच्या शब्दात मधे एक 'ई' लिहितो, पण म्हणतो 'साम्दी'. कोणता स्वर कुठं गळतो याचा कान मराठी माणसाला असतो, फक्त इथंही तो वापरायचा असतो हे कुणी सांगत नाही. तुमच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. तेलुगूभाषक माणूस परक्या शब्दाच्या शेवटी 'उ' जोडतो, 'बस्सु', 'कारु' असं. फ्रेंचमध्ये 'आव्हेक'चं 'आव्हेकु' होऊ देऊ नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या तेलुगूभाषक विद्यार्थ्यांना हे दाखवून दिलं की थोड्याच दिवसांत सुटतं.

घशातला 'र' लोकांना उगाच भीतीदायक वाटतो. उर्दू नीट बोलणाऱ्या माणसाच्या तोंडचा 'ग़म' किंवा 'बाग़' ऐका. त्या ग़च्या शेजारीच फ्रेंच र राहतो. सोलापुरात हा आवाज ऐकायला पॅरिसला जावं लागत नाही.

नासिक्य स्वर खरोखर कष्टाचे आहेत. 'आंबा' म्हणताना आपण प्रत्यक्षात 'आम्बा' म्हणतो, अनुस्वाराचा 'म' होतो, ओठ मिटतात. फ्रेंच 'बों' म्हणताना ओठ मिटायचे नाहीत, जीभ टाळूला लावायची नाही, शेवटी 'न'ही येऊ द्यायचा नाही. इथं दखनी मदतीला येते. 'यां', 'वां' म्हणताना स्वर नाकातून जातो आणि पुढे व्यंजन येत नाही. त्या 'वां'वरून 'बां'वर या, तिथून 'बों' आणि मग 'बँ'. पहिला म्हणजे बाक, दुसरा म्हणजे चांगला, तिसरा म्हणजे आंघोळ. हे तीन आवाज वेगळे ऐकू यायला लागेपर्यंत पुढचा धडा घेऊ नका. शिकवतानाही घेऊ नका. या ठिकाणी घाई केलेले विद्यार्थी मी बी1 या मधल्या पातळीवर पोचूनही अडखळताना पाहते.

ओठ गोल करून जीभ 'ई'च्या जागी ठेवायची, हा आणखी एक स्वर मराठीत नाही. 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ शिट्टीसारखे करा. त्यावर 'तू' या अर्थाचा शब्द आणि 'सगळं' या अर्थाचा शब्द यांतला फरक अवलंबून आहे, रस्ता आणि चाक यांतलाही. देवनागरीत तो फरक नीट लिहिता येत नाही. म्हणूनच पुस्तकातल्या ओळींवर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहायची सवय पहिल्या पंधरवड्यानंतर बंद करा. मी इथं देवनागरीत लिहिते आहे ते समजावण्यापुरतं, वर्गात मी तसं लिहू देत नाही.

वयाचं उत्तर यातच आहे. अडतिसाव्या वर्षी तोंड वळतं, लहान मुलापेक्षा हळू वळतं, आणि रोज मोठ्यानं वाचलं तरच वळतं. मनातल्या मनात वाचलेलं उच्चारासाठी मोजू नका. एकच परिच्छेद ऐका, म्हणा, फोनवर रेकॉर्ड करा, मूळ आवाजाशी ताडून बघा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बोलण्यात मराठी-तेलुगू वळण राहील, त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. समोरच्याला पहिल्या झटक्यात कळतं का, एवढंच बघायचं.

आता व्याकरण, जिथं मराठी माणूस खरा श्रीमंत आहे. फ्रेंचमध्ये 'मी चिठ्ठी लिहिली' हे वाक्य 'झे एक्री ला लेत्र'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना चिठ्ठी आधी येते आणि क्रियापद तिच्या लिंगाप्रमाणे बदलतं: 'ला लेत्र क झे एक्रीत'. शेवटचा 'त' त्या चिठ्ठीमुळे आला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम म्हणजे एक शिक्षा वाटते, कारण कर्मानं क्रियापद बदलतं ही कल्पनाच त्याच्या भाषेत नाही. आपण मात्र 'आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, पोहे खाल्ले' असं लहानपणापासून म्हणतो. मी वर्गात एवढंच सांगते: मराठीत कर्म कुठंही असलं तरी हे होतं, फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं तरच होतं. एका तासात विषय संपतो. 'ती गेली' मध्ये गेल्याचं स्त्रीलिंग होतं तसं तिकडेही होतं, फक्त ते लिहिताना दिसतं, कानाला कळत नाही.

'मला आवडतं' हे वाक्य घ्या. आवडणारी गोष्ट कर्ता आणि ज्याला आवडते तो 'ला' लावून. फ्रेंच 'सा म प्ले' याच घडणीचं आहे. 'मला लागतं', 'मला हवं' यासाठीही 'इल म फो' आहे. 'त्यातले दोन घेतो' मधल्या 'त्यातले'साठी फ्रेंचमध्ये 'आं' असा एक चिमुकला शब्द आहे, आणि इंग्रजीतून शिकणारे त्याच्यापाशी वर्षभर थबकतात. तू-तुम्हीचा भेद तर सांगायलाच नको. 'जात होतो, जायचो' आणि 'गेलो' यांत जो फरक आपण जाणतो, त्याच जाणिवेवर फ्रेंचचे दोन भूतकाळ बऱ्याच अंशी बसतात.

इच्छा, गरज यांनंतर फ्रेंच क्रियापद वेगळं रूप घेतं. पुस्तकात त्याचं भारदस्त नाव असतं आणि विद्यार्थी घाबरतात. मराठीत ते आहे: 'त्यानं यावं अशी माझी इच्छा आहे'. हे 'यावं' म्हणजे जवळपास तेच रूप. पण इथं मराठी फसवतेही, आणि ते शिकवणाऱ्याला माहीत असायलाच हवं. आपण 'तो यावा अशी आशा आहे' असं म्हणतो, फ्रेंचमध्ये मात्र आशेनंतर साधा भविष्यकाळ येतो: 'झेस्पेर किल व्हियँद्रा', शब्दशः 'मी आशा करते की तो येईल'. असे फसवे कोपरे वहीच्या मागच्या पानावर टिपत जा. पुढे शिकवताना ही यादी सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

लिंगाबद्दल एवढंच. वस्तूंना लिंग असतं हे आपल्याला नवं नाही, पण कोणतं ते जुळत नाही. चंद्र मराठीत पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. नपुंसकलिंग तिकडे नाही, त्यामुळे घर, पुस्तक, टेबल यांची वाटणी नव्यानं शिकायची. प्रत्येक नाम 'अँ' किंवा 'यून' लावूनच पाठ करा, एकटं कधीच नाही. तेलुगूत खुर्चीला नि दाराला असा स्त्री-पुरुष भेद नसूनही तुम्ही मराठीत 'ती खुर्ची, तो दरवाजा' बिनचूक म्हणता. म्हणजे एकदा हे करून झालेलं आहे.

जिथं मराठी काहीच मदत करत नाही ती जागा म्हणजे उपपदं, नामाआधी येणारे छोटे शब्द. 'चहा घेतो' आणि 'मला चहा आवडतो' यांत आपला 'चहा' तोच राहतो. फ्रेंचमध्ये पहिल्यात 'द्यु ते', दुसऱ्यात 'ल ते'. नियम दोन ओळींचा आहे, सवय लागायला दोन वर्षं लागतात. मी यासाठी स्वयंपाकघर वापरते. रोज संध्याकाळी ताटात काय आहे ते फ्रेंचमध्ये सांगायचं: थोडी भाकरी, थोडी शेंगाची चटणी, पाणी, ताक, मीठ. मग त्यातलं काय आवडतं ते सांगायचं. महिनाभर हे केलेल्याला पुन्हा समजावावं लागत नाही.

70 ते 99 हे आकडेही लोक उगाच डोक्यावर घेतात. 80 म्हणजे 'कात्र व्हँ', चार वीस. आपल्याकडे जुनी माणसं 'चार विसा' म्हणायची, तेच हे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 70 आणि 90 साठी सुटे शब्द आहेत, पण परीक्षेसाठी फ्रान्समधली पद्धत पक्की करा. आणि फोन नंबर लिहून घेण्याचा सराव करा, कारण तिकडे नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीनं सांगतात.

शिकायचं ते कशाबद्दल, याकडे मोठ्या माणसांच्या वर्गात फार दुर्लक्ष होतं. पुस्तकातले धडे पॅरिसच्या मेट्रोचे आणि विशीतल्या मुलांच्या पार्ट्यांचे असतात. सोलापुरात चादरींवर नक्षी उठते ती जॅकार्ड मागावर. हा जोसेफ मारी जाकार फ्रान्समधल्या ल्याँचा, आणि त्याचा माग 1804 सालचा. ल्याँच्या रेशीम विणकरांना 'कान्यु' म्हणत, त्यांनी मजुरीसाठी 1831 आणि 1834 साली उठाव केले. विणकरांच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्यांना मी ए2 ही दुसरी पातळी संपल्यावर ही माहिती सोप्या फ्रेंचमध्ये वाचायला देते. ताण्याला 'शेन', बाण्याला 'त्राम'. ज्यांचे आजोबा मागावर बसले त्यांना हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. मजुरी, भाव, कारखाना, संप यांवर ते स्वतःहून बोलायला लागतात. तुम्ही इंग्रजी शिकवता, तर शाळा, परीक्षा, पालक, वर्ग यांबद्दलची फ्रेंच आधी गोळा करा. माणसाला ज्यावर मत असतं त्यावरच तो तोंड उघडतो.

पातळी आणि वेळ. युरोपीय परिषदेनं 2001 साली मांडलेल्या चौकटीत ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या आहेत. शून्यापासून बी2 पर्यंत साधारण 550 ते 650 तासांचा अभ्यास धरतात. नोकरी सांभाळून रोज तास-सव्वा तास दिलात तर दोन वर्षं लागतात असं समजा. रविवारी एकदम चार तास बसणारे टिकत नाहीत, रोज चाळीस मिनिटं बसणारे टिकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ऐकण्यासाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आणि टीव्ही5मोंद या फ्रेंच वाहिनीचे पातळीनुसार लावलेले सराव, दोन्ही फुकट आहेत. इथं राहून कान तयार होत नाही, ही तक्रार आता खरी राहिलेली नाही.

डेल्फ ही या पातळ्यांनुसार होणारी फ्रेंचची अधिकृत परीक्षा. तिच्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी 25 गुण. एकूण 50 हवेत, पण कोणत्याही एका भागात 5 पेक्षा कमी पडले तर नापास. बी2ला तासाभरात किमान 250 शब्दांचं युक्तिवादाचं लेखन असतं. तोंडी परीक्षेआधी तयारीला 30 मिनिटं मिळतात, मग सुमारे 20 मिनिटं आपली बाजू मांडायची. आपले लोक भाषेपेक्षा या मांडणीत कमी पडतात, कारण शाळेत कुणी मत विचारलेलं नसतं. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला हे जड जाणार नाही. डेल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पुढे तुमच्याकडे कॅनडाला जाण्यासाठी फ्रेंच शिकायला लोक येतीलच. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की तिथं स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्री या अर्जपद्धतीला डेल्फ चालत नाही, टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य असतो. ही गोष्ट उशिरा कळून पैसे आणि महिने गेलेली माणसं माझ्याकडे येतात.

आता शिकवण्याचं. मातृभाषा नसलेल्यानं शिकवावं का? शिकवावं, आणि सुरुवातीच्या पातळ्यांना तर मी म्हणेन त्यानंच शिकवावं. वर 'आशा' आणि 'यावं' यांचा घोळ सांगितला, तो पॅरिसमध्ये वाढलेल्या शिक्षकाला दिसणार नाही. विद्यार्थी कुठं आणि का अडला हे ज्यानं तोच रस्ता पायी कापला आहे त्याला चेहऱ्यावरून कळतं. पालक विचारतील, 'मॅडम, तुम्ही फ्रान्सला राहिलात का?' जे असेल ते शांतपणे सांगा आणि आपलं प्रमाणपत्र दाखवा.

पण यासोबत काही जबाबदाऱ्या येतात, आणि त्यांबाबत मी कडक आहे. ए2 पास होऊन ए1चा क्लास काढू नका. असे क्लास निघतात, आणि तिथून आलेल्यांचे उच्चार नि लिंगाच्या चुका सोडवायला शून्यापासून शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ज्या पातळीला शिकवायचं तिच्या दोन पायऱ्या वर आपण असलं पाहिजे. बी2 झाल्याशिवाय फी घेऊ नका. प्रत्येक तासाला फ्रेंच माणसाचा आवाज वर्गात आणा, एखादं मिनिट का होईना, आणि तो फक्त पॅरिसचा नको, क्यूबेक, सेनेगल, बेल्जियम इथलाही हवा. विद्यार्थ्याच्या कानात फक्त माझाच आवाज राहिला तर माझ्या त्रुटी त्याच्याही होतात. एखादी गोष्ट येत नसेल तर 'बघून सांगते' म्हणा आणि पुढच्या तासाला खरंच सांगा.

आणखी एक धोका आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. दिवसभर ए1 शिकवणाऱ्याची स्वतःची फ्रेंच हळूहळू ए1ची होते. तीच वाक्यं, तेच सोपे शब्द, तोच सावकाश वेग. बी2, सी1 झालेले शिक्षक पाच-सहा वर्षांत असे आटलेले मी पाहिले आहेत. यावर उपाय एकच, आपल्या पातळीचं रोज काहीतरी वाचायचं, आठवड्याला एक पान लिहायचं, आणि आपल्यापेक्षा बरं बोलणाऱ्या माणसाशी ठरलेल्या वेळी बोलायचं. मी दर आठवड्याला दुसऱ्या शहरातल्या एका शिक्षिकेशी फोनवर फक्त फ्रेंचमध्ये बोलते, आणि ती वेळ बॅचसाठीसुद्धा सोडत नाही.

अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेणारी मुलंही तुमच्या वाट्याला येतील. त्यांना गुण मिळवून द्या, पण आठवड्यातला एक तास पुस्तक न उघडता बोलण्याचा ठेवा. दोन वर्षं भाषा शिकून स्वतःची ओळख करून देता न येणारी मुलं पाहून मला फार वाईट वाटतं. कनिष्ठ महाविद्यालयात पूर्णवेळ जागेसाठी एमए आणि बीएड लागतं. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागातले, रानडे इन्स्टिट्यूटमधले अभ्यासक्रम त्या दिशेची पहिली पायरी होऊ शकतात. खासगी शिकवणीसाठी पुढे दाएफ्ल ही दूरस्थ पद्धतीनं करता येणारी फ्रेंच अध्यापनाची पदविका बघा. आत्ताची नोकरी मात्र सोडू नका, सोलापुरात केवळ फ्रेंचवर घर चालायला वेळ लागतो.

राहिला शनिवारचा प्रश्न. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्री परतायचं म्हणजे तीन तासांच्या वर्गासाठी अख्खा दिवस जातो, आणि मग आठवडाभर काहीच होत नाही. ए1 आणि ए2 साठी आठवड्यातून तीन-चार दिवस, पाच-सहा जणांची, कॅमेरा चालू ठेवणारी ऑनलाइन बॅच घ्या. कॅमेरा यासाठी की शिक्षकाला तुमचे ओठ दिसले पाहिजेत. मोठ्या बॅचमध्ये सूट मिळत असली तरी जाऊ नका. पुण्याच्या अलियाँस फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत परीक्षेसाठी जालच, आणि बी1 नंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग काही आठवडे तिथं राहून शिकता आलं तर जरूर करा, तेव्हा बोलण्याला खरा वेग येतो. ए1ची परीक्षा दिली नाही तरी चालेल, ती फी वाचवा. पहिली परीक्षा ए2ची द्या आणि तोंडी भाग वेगळ्या दिवशी आहे का ते अर्ज भरतानाच विचारून घ्या, म्हणजे परतीचं तिकीट त्याप्रमाणे काढता येईल.